शरीरात बसवायचे स्टिम्युलेटर किती टिकतात? सोलापूरच्या घरांसाठी एक परीक्षण

मणक्याला मार बसून हातपाय लुळे पडलेल्या माणसाच्या घरी कुणी ना कुणी व्हिडिओ पाठवतंच. पाठीत स्टिम्युलेटर, म्हणजे विजेचे ठोके देऊन नसा-स्नायू हलवणारं यंत्र, बसवलं आणि माणूस उठून उभा राहिला. लगेच चौकशी सुरू होते, आपल्याला बसवता येईल का, किती लाख लागतील. खरं तर आधी विचारायला हवं ते वेगळंच. बसवलं, तर दहा वर्षांनी ते चालू असेल का? आणि बंद पडलं, तर सोलापुरात बसून आपण काय करणार?

याचं उत्तर आज बऱ्यापैकी ठामपणे देता येतं, कारण यातली काही यंत्रं माणसांच्या अंगात चाळीस वर्षांहून जास्त काळ वापरात आहेत. निकाल आधीच सांगतो. कातडीच्या आतला भाग भल्याभल्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्त टिकतो. दगा देतं ते बाहेरचं: कॉइल, केबल, बॅटरी, चार्जर. आणि या सगळ्याच्या वर, कंपनी.

आतल्या भागाची ताकद बघायची तर हातासाठीचं फ्रीहँड घ्या. अमेरिकेत क्लीव्हलँडला याचं पहिलं रोपण १९८६ साली झालं आणि १९९७ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने, एफडीएने, त्याला मान्यता दिली. मानेत सी-५, सी-६ पातळीवर दुखापत असलेल्या, म्हणजे खांदा हलतो पण बोटं हलत नाहीत अशा माणसासाठी ते होतं. छातीत कातडीखाली एक रिसीव्हर, त्यातून निघालेल्या आठ तारा हातापर्यंत, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला स्नायूवर शिवलेली इलेक्ट्रोडची चकती. दुसऱ्या बाजूचा खांदा पुढेमागे केला की छातीवर चिकटवलेला सेन्सर ते ओळखतो आणि मूठ उघडते-मिटते. किल्ली धरायची पकड वेगळी, पेला धरायची वेगळी. रिसीव्हरला स्वतःची बॅटरी नाही. छातीवर लावलेल्या कॉइलमधून रेडिओ लहरींनी वीजही जाते आणि हुकूमही जातो.

या पद्धतीच्या २३८ इलेक्ट्रोडची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक इलेक्ट्रोड अंगात किमान तीन वर्षं राहिलेला, सर्वांत जुना सोळा वर्षांच्या वर. त्यात तार किंवा इलेक्ट्रोड निकामी झाल्याच्या घटना तीन आणि जंतुसंसर्गाची एक. म्हणजे जवळपास ९९ टक्के टिकले. कोपर आणि मनगट दिवसातून शेकडो वेळा वाकतं, त्याखालून गेलेल्या तारांचा हा हिशोब आहे. असं टिकण्यामागे कारागिरी आहे. तार सरळ नसते. स्टेनलेस स्टीलच्या बारीक पदरांची स्प्रिंगसारखी गुंडाळी करून ती सिलिकॉनच्या नळीत घातलेली असते, त्यामुळे ओढ बसली तरी ती ताणली जाते, तुटत नाही. टोकाला प्लॅटिनमचा मिश्रधातू. विजेचा प्रत्येक ठोका दोन भागांचा असतो, जेवढा प्रवाह एका दिशेने गेला तेवढाच उलट परत येतो. एकाच दिशेने ठोके दिले तर धातू गंजतो आणि भोवतालची पेशीही जळते.

एवढं सगळं जमलेलं हे यंत्र आज विकत मिळत नाही. ते बनवणारी न्यूरोकंट्रोल कंपनी २००१ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. अडीचशेच्या आसपास लोकांच्या अंगात यंत्र होतं, ते चालूही होतं, पण बाहेरचा कंट्रोलर आणि कॉइल यांचे नवे भाग मिळण्याचा नेहमीचा रस्ता बंद झाला. डोळ्यांसाठीच्या आर्गस-२ या रोपणाचीही गत २०२० च्या सुमारास तशीच झाली. अंगात धडधाकट रोपण आणि हातात मेलेली पेटी, असा प्रकार. म्हणून स्टिम्युलेटर घेताना आतल्या भागाच्या वॉरंटीपेक्षा बाहेरच्या पेटीचं काय, ते आधी विचारा. डीलर नेमकं उलटं सांगत असतो.

आता लघवीच्या यंत्राकडे वळू. माझ्या मते या सगळ्या पंगतीत सर्वांत जास्त उपयोगाचं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं यंत्र हेच आहे. उभं राहण्याचा व्हिडिओ निघतो, लघवी साफ होण्याचा कोण काढणार? पण दुखापतीनंतर मूत्रपिंडं वाचवणं हा जगण्याचा प्रश्न असतो.

याला फाइनटेक-ब्रिंडले म्हणतात. इंग्लंडमध्ये जाइल्स ब्रिंडले यांनी ते विकसित केलं आणि १९७० च्या दशकाअखेरीपासून ते माणसांत बसवलं जातंय. माकडहाडाच्या वरच्या भागातून निघणाऱ्या एस-२ ते एस-४ या नसांच्या पुढच्या मुळांवर इलेक्ट्रोड बसतात, तारा पोटाच्या किंवा छातीच्या कातडीखालच्या रिसीव्हरपर्यंत जातात. इथेही आत बॅटरी नाही. लघवीच्या वेळी बाहेरचा ब्लॉक रिसीव्हरवर धरायचा आणि बटण दाबायचं. वीज सलग सोडत नाहीत. काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, असं आळीपाळीने. कारण साधं आहे. वीज दिली की मूत्राशयही आवळतो आणि दारावरचा स्नायूही आवळतो. वीज थांबली की दारावरचा स्नायू लगेच सैल पडतो, मूत्राशय मात्र सावकाश सैल होतो, आणि त्या मधल्या फटीत लघवी बाहेर येते. पाच-सात फेऱ्यांत काम होतं. नीट बसलेल्या यंत्रात मागे उरणारी लघवी बहुतेकांत ५० मिलीच्या आत राहते. शौचालाही मदत होते, हा वरचा फायदा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर ब्रिंडलेंनी पहिल्या ५०० रोपणांतल्या बिघाडांचा हिशोब स्वतःच प्रसिद्ध केला. सरासरी काढली तर एका यंत्रात साधारण वीस वर्षांतून एक बिघाड. आणि बिघडलेलं यंत्र बऱ्याचदा पुन्हा शस्त्रक्रिया करून दुरुस्तही झालं. बॅटरी आत नसल्यामुळे दर काही वर्षांनी कापाकापी नाही. पुढे रिसीव्हरवर अँटिबायोटिकचा लेप द्यायला लागल्यावर जंतुसंसर्गही कमी झाला.

आता खोट. या शस्त्रक्रियेसोबत बहुतेक वेळा त्याच नसांची मागची मुळं कापतात. त्यामुळे मूत्राशयाचं आपोआप आवळणं थांबतं, गळती थांबते, साठवण वाढते, मूत्रपिंडावरचा दाब उतरतो. पण आपोआप येणारं लिंगताठरणं जातं, तिथली उरलीसुरली संवेदना असेल तर तीही जाते, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. तरुण गड्याला ही गोष्ट सही घेण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगितलीच पाहिजे. घरात सगळ्यांसमोर नको, एकट्याला. आणि अपूर्ण दुखापत असेल, थोडी तरी संवेदना शाबूत असेल, तर हा सौदा बहुधा महागात पडतो.

त्याची तुलना ठेवायची ती सीआयसीशी, म्हणजे दिवसातून चार ते सहा वेळा साधी नेलॅटॉन नळी घालून लघवी काढण्याशी. नळी मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते, शस्त्रक्रिया लागत नाही, आणि उद्या कंपनी बुडाली तरी फरक पडत नाही. सोलापुरात अडचण आहे ती पाण्याची. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या वस्तीत हात आणि नळी धुवायला स्वच्छ पाणी झाकून वेगळं ठेवावं लागतं, आणि नेमकं तिथेच हयगय होऊन संसर्ग होतो. तरीही हात चालत असतील आणि सीआयसी नीट जमत असेल, तर माझा कौल सीआयसीलाच. ज्याला वारंवार संसर्ग होतो, औषधं देऊनही मूत्राशयाचा दाब उतरत नाही, किंवा बाई असल्यामुळे खुर्चीवरून नळी घालणं रोजची कसरत होते, त्या घरानेच ब्रिंडलेचा विचार करावा. त्याआधी युरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजणारी, तपासणी हवीच.

पण या सगळ्याच्या आधीची एक चाचणी सोलापुरातच होते आणि ती न करता लोक पुण्या-मुंबईच्या चकरा मारतात. विजेने स्नायू हलतो तो नसेमार्फत. मज्जारज्जू वर तुटला असेल पण खालची नस जिवंत असेल, तरच कुठलंही रोपण काम करतं. दुखापत डी-१२, एल-१ च्या आसपास, पाठ आणि कंबर जुळते तिथल्या मणक्यांवर असेल, म्हणजे झाडावरून, विहिरीत किंवा परांचीवरून पडणाऱ्यांना जिथे हमखास मार बसतो तिथे, तर खालच्या नसाच मेलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. पाय ढिले, लटलट, कडकपणा अजिबात नाही, ही त्याची खूण. पायात कडकपणा, झटके असतील तर उलट आशा आहे. घरचे त्या झटक्यांना वैतागलेले असतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते चांगलं लक्षण.

पक्कं करायला चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे असलेला साधा फॅराडिक-गॅल्व्हॅनिक स्टिम्युलेटर पुरतो. ०.३ मिलिसेकंदाच्या ठोक्याला मांडीचा स्नायू आवळला तर नस जिवंत. त्याला काहीच होत नाही आणि १०० मिलिसेकंदाच्या लांब गॅल्व्हॅनिक ठोक्यालाच गांडुळासारखी सावकाश हालचाल होते, तर नस गेली. एस.डी. कर्व्ह, म्हणजे ठोक्याची लांबी आणि लागणारी ताकद यांचा आलेख, काढून तो कागद फाइलला लावा. हा कागद नसताना कुणी रोपणाची तारीख देत असेल तर उठून या. मात्र दुखापत डी-६ च्या, म्हणजे पाठीच्या सहाव्या मणक्याच्या, वर असेल तर ही चाचणी बीपी मोजत मोजतच करायची. विजेने बीपी एकदम भडकतं, डोकं ठणकतं, कपाळावर घाम येतो. तसं दिसलं की लगेच बंद करून माणसाला बसतं करायचं.

श्वासाच्या यंत्राबद्दल थोडक्यात. सी-३ च्या वर दुखापत होऊन व्हेंटिलेटरवर अडकलेल्यांसाठी दोन वाटा आहेत. जुनी एव्हरीची: छातीत किंवा मानेत, श्वासाचा पडदा हलवणाऱ्या फ्रेनिक नसेवर इलेक्ट्रोड, कातडीखाली रिसीव्हर, वर चिकटवायचे अँटेना आणि बाहेर ट्रान्समीटर. १९६० च्या दशकातल्या येल विद्यापीठातल्या कामातून ती आली आणि त्यावर दशकानुदशकं जगलेली माणसं आहेत. दुसरी न्यूआरएक्स, तिला एफडीएची मान्यता २००८ मध्ये मिळाली. दुर्बिणीतून पडद्याच्या स्नायूत चार तारा टोचतात, पाचवी वीज परत येण्यासाठी, आणि पाचही तारा कातडीतून बाहेर येतात. ख्रिस्तोफर रीव्ह या नटाला २००३ मध्ये याच पद्धतीचं यंत्र बसवलं होतं. शस्त्रक्रिया सोपी, पण तारा कातडीतून बाहेर येत असल्यामुळे त्या जागेची निगा रोजची. पडदा महिनोन्‌महिने निजलेला असतो, त्यामुळे एकदम चोवीस तास चालवता येत नाही, मिनिटांपासून वाढवत न्यावं लागतं. झोपेत घसा आतल्या ओढीने मिटू शकतो म्हणून गळ्यातलं भोक बहुतेकांना ठेवावं लागतं. आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, उशाशी हवीच, ती चालवता येणारी दोन माणसं घरात हवीत. एक माणूस गड्डा यात्रेला गेला म्हणून अडायला नको.

आता तो व्हिडिओ. पाठीतल्या एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणावर बसणाऱ्या, स्टिम्युलेटरचा. हे यंत्र मुळात जुनाट दुखण्यासाठी बनलेलं. अमेरिकेतल्या लुइव्हिलमध्ये रॉब समर्स या तरुणाला ते बसवलं आणि २०११ मध्ये तो स्टिम्युलेशन चालू असताना उभा राहिल्याचं प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये लुइव्हिल, मेयो क्लिनिक आणि स्वित्झर्लंडमधल्या गटांनी काही रुग्णांना पावलं टाकायला लावली. हे खरं आहे, बनावट नाही. पण प्रत्येकामागे महिनोन्‌महिने रोजचा सराव, वजन उचलून धरणारा हार्नेस, आणि प्रत्येक हालचालीसाठी सेटिंग बसवणारी तज्ज्ञांची फौज होती. यंत्र बंद केलं की बहुतेकांची चाल जाते. आपल्याकडे ते पक्षाघातासाठी बसवायचं म्हणजे मान्यतेबाहेरचा वापर. त्यासोबत स्टेम सेलचं इंजेक्शन जोडून परदेशी पॅकेज विकणारे आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. बीपी सतत पडणाऱ्यांना या यंत्राने बसतं राहता येतं, असे चांगले निष्कर्ष आहेत, आणि पुढे-मागे खरा फायदा तिथेच निघेल असं मला वाटतं. चालण्यासाठी लाखो रुपये घालायला आज मी सांगणार नाही.

टिकाऊपणातही हे मागे. इथे बॅटरी आत असते. रिचार्ज न होणारी काही वर्षांत संपते आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं. रिचार्ज होणारी जास्त चालते, पण चार्जिंगचा कंटाळा करून चालत नाही. शिवाय सुईतून घातलेली बारीक लीड, म्हणजे इलेक्ट्रोडची तार, असेल तर ती सरकते, आणि एका मणक्याने सरकली तरी सगळं सेटिंग वाया. चपटी पॅडलची लीड कमी सरकते, पण तिच्यासाठी हाड कापावं लागतं.

बिघाड ओळखायची रीत मात्र सगळ्या यंत्रांना सारखीच लागू पडते, ती पाठच करून ठेवा. सगळे स्नायू एकाच वेळी गप्प झाले तर दोष बहुधा बाहेर आहे. आधी बॅटरी बदला. नऊ व्होल्टची असेल तर अल्कलाइनच घ्या, स्वस्त काळी घेऊ नका, ती दाखवायला भरलेली असते आणि लोड पडला की बसते. मग कॉइल सरकवून पाहा, रिसीव्हरच्या बरोबर वर आहे का. वजन वाढलं, पोट सुटलं तर कॉइल आणि रिसीव्हरमधलं अंतर वाढतं आणि ताकद कमी पडते. मग केबल, पेटीत आणि कॉइलमध्ये शिरते तिथे वाकवून हलवून पाहा. शंभरात बहुतेक तारा तिथेच तुटतात, कारण व्हीलचेअरच्या हातात आणि चाकात ती अडकते. मग राखीव कॉइल लावून पाहा. एवढं करूनही गप्प, तर रिसीव्हरचा संशय.

एकच स्नायू गेला आणि बाकीचे चालू, तर दोष त्या एका तारेत किंवा जोडणीत. बसल्यावर चालतं आणि आडवं झाल्यावर बंद पडतं, असं अंगाच्या ठेवणीवर बदलत असेल तर तार अर्धवट तुटलेली आहे. साधा एक्स-रे काढा, सिव्हिलमध्येही निघतो, पण बसवल्यानंतरचा पहिला एक्स-रे जवळ असेल तरच तुलना करता येते. आणि स्नायू हलतो पण लवकर थकतो, झटके अचानक वाढलेत, तर यंत्राला हात लावण्याआधी लघवीची तपासणी करा आणि पाठीवर बेडसोर आहे का पाहा. अंगात कुठेही संसर्ग असला की स्टिम्युलेशनचं वागणं बिघडतं, आणि हजार-बाराशेच्या तपासणीत सुटणाऱ्या गोष्टीसाठी लोक पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस पकडतात.

कॉइलची तार गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून डाग देऊन घ्यायचा मोह होईल. पेटीच्या बाजूचा प्लग तुटला असेल तर चालेल. कॉइल स्वतः मात्र उघडू नका. ती ठरावीक लहरीसाठी जुळवलेली असते. एक वेढा कमी झाला, तार आखूड झाली तर दिसायला सगळं ठीक आणि आत वीज पोचतच नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा कॉइलखालची चिकटपट्टी घामाने सुटते, आणि जास्त घट्ट लावली तर पुरळ येतं. ज्याला कमरेखाली कळत नाही त्याची कातडी कळायच्या आत सोलवटते. मायक्रोपोर वापरा, जागा रोज थोडी बदला, रात्री काढून कातडी आरशात पाहा. लिथियमची पेटी पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, तिचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटतं. लोडशेडिंगच्या वेळा बघून चार्जिंग सकाळी उरकून घ्या.

डीलरकडून लेखी घ्यायच्या गोष्टी: बाहेरची पेटी आणि कॉइल यांची किंमत, रोपणाच्या किमतीतून वेगळी काढून. दोन राखीव कॉइल पहिल्याच बिलात. प्रोग्रामिंग करणारा माणूस पुण्यात किंवा हैदराबादला आहे का, की दर वेळी दिल्ली. पहिल्या काही आठवड्यांत इलेक्ट्रोडभोवती व्रण धरतो आणि लागणारी वीज बदलते, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या टळत नाहीत. अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलून बुडावरचा दाब काढायला सोबत माणूस लागतो, तोही खर्चात धरा. कंपनी बंद झाली तर सेटिंगची नोंद आणि भागांचे नंबर रुग्णाला मिळतील का, हेही लिहून घ्या. यावर डीलर चिडला तर समजून जा.

रोपण झालं की यंत्राच्या ओळखकार्डाच्या चार झेरॉक्स काढा. एक घरी, एक खुर्चीच्या पिशवीत, एक फिजिओकडे, एक नेहमीच्या डॉक्टरकडे. कार्डावर एमआरआय चालतो का, आणि चालत असेल तर किती टेस्लापर्यंत, हे छापलेलं असतं, ते तोंडी सांगण्यावर सोडू नका. फिजिओला एक गोष्ट स्पष्ट सांगा: खांदा दुखो, कंबर दुखो, शॉर्टवेव्ह डायथर्मी (एसडब्ल्यूडी), म्हणजे रेडिओ लहरींचा शेक, लावायची नाही. एसडब्ल्यूडीचं मशीन आपल्याकडे अनेक क्लिनिकांत असतं. त्याच्या लहरी तारेत शिरतात आणि इलेक्ट्रोडच्या टोकाशी पेशी जाळतात. एफडीएने २००२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. यंत्र बंद असलं तरी हा धोका असतो, आणि रिसीव्हर काढून टाकला पण तार आत राहिली असेल तरीही असतो.